पुरातला जनरेटर आधी स्वच्छ पाण्यानं धुवा

या वेळी जुन्या मिलिटरी गाड्या आणि वायरलेस सेटवर तीन पत्रं आलीत. पहिल्या पत्राला मोठं उत्तर दिलंय, कारण कृष्णाकाठच्या बऱ्याच घरांत हीच अवस्था असणार आहे, वस्तू वेगळी असेल एवढंच.

प्रश्न (भिलवडी, ता. पलूस): आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेली जुनी शेवरलेट गाडी शेडमध्ये उभी आहे. मागच्या बॉडीत वायरलेस सेटचं टेबल आहे आणि एक छोटं पेट्रोल इंजिन डायनामोला जोडलेलं आहे. पाटीवर १२ व्होल्ट ३०० वॅट एवढंच वाचता येतं. २०१९ च्या पुरात ते चार दिवस पाण्याखाली होतं, तेव्हापासून कुणी हात लावला नाही. गॅरेजवाला म्हणतो भंगारात टाका, त्या जागी नवा अल्टरनेटर बसवून देतो. मला गाडी होती तशी उभी करायची आहे. सुरुवात कुठून करू? आणि सेट गाडीच्याच बॅटरीवर का नाही चालवायचा?

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे ते छोटं इंजिन भंगारात टाकू नका. इंजिन, गिअरबॉक्स, टायर हे इकडून तिकडून जमवता येतं, पण वायरलेसच्या गाडीतून तिचा चार्जिंग सेट गेला की राहतो नुसता ट्रक. १२ व्होल्ट ३०० वॅटचे असे सेट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि कॅनडियन फौजेत भरपूर होते, 'चोअर हॉर्स' या नावानं ओळखले जायचे, आणि त्यांचं काम एकच, सेटच्या बॅटऱ्या भरत राहायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तिथंच लोक चुकतात. कॅनडात बनलेल्या त्या काळच्या फोर्ड-शेवरलेट मिलिटरी गाड्यांचं वायरिंग ६ व्होल्टचं असायचं आणि वायरलेस सेट मागायचा १२ व्होल्ट. म्हणून गाडीची बॅटरी वेगळी आणि सेटच्या बॅटऱ्या वेगळ्या. शिवाय गाडी एका जागी उभी राहून दिवस दिवस सेट चालू असायचा, त्यासाठी मोठं सहा सिलिंडरचं इंजिन फिरवत बसणं म्हणजे पेट्रोल जाळणं, त्यापेक्षा हे छोटं इंजिन परवडायचं. त्यामुळं तुमच्या गाडीत दोन वायरिंग असतील, ती एकमेकांत मिसळू देऊ नका, आणि पुढच्या लाईटचे बल्ब काढून त्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी बघा. मधे कुणी गाडी १२ वर करून ठेवली असेल तर ते तिथंच कळतं.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्यावरून काय ते समजा. सांगलीत माझं वायंडिंगचं दुकान आहे, तेही त्यात गेलं. पाणी उतरल्यावर महिना-दीड महिना दुसरं काम नव्हतं, नुसत्या गाळानं भरलेल्या मोटारी आणि डायनामो. ज्यांनी मोटार उचलून तशीच उन्हात ठेवली आणि वरून सुकलीय म्हणून चालू केली त्यांच्या जळल्या. ज्यांनी आधी धुऊन आणली त्यातल्या बऱ्याच वाचल्या. ऐकायला उलटं वाटतं, पाण्यात भिजलेली वस्तू परत पाण्यानं कशी धुवायची, पण पुराच्या पाण्यात गाळ असतो, खत असतं, क्षार असतात, ते तारेच्या फटीत बसतात आणि नंतर नुसता दमट वारा लागला तरी ओल धरून करंट गळवतात. ते बाहेर काढल्याशिवाय सुकवून उपयोग नाही.

तुमच्याकडं तर तो गाळ आता वीट झालेला असणार. म्हणून आधी इंजिन आणि डायनामो वेगळे करा, आणि वेगळे करायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक वायरला कापडी पट्टीवर नंबर लिहून बांधा. तोपर्यंत फ्लायव्हील हातानं फिरवून बघायचा मोह नको, कारण बेअरिंगमध्ये आणि ऑईलमध्ये जी बारीक रेती गेलीय ती एका फेऱ्यात बुश खरवडते. खालचा ऑईलचा बोल्ट सोडा, आधी पाणी येईल, मग काळं चिखलासारखं ऑईल येईल, ते भांड्यात घ्या आणि बोटांत चोळून बघा. रेती लागली तर इंजिन पूर्ण उघडायचं, त्याला दुसरा मार्ग नाही. पिस्टन जाम असेल तर प्लग काढून त्या भोकातून डिझेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा, रोज थोडं घाला. हातोडीनं ठोकून सोडवायला जाऊ नका, जुन्या बीडाला ठोका सहन होत नाही.

डायनामोचं आर्मेचर, म्हणजे आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर काढलं की कोमट पाणी, थोडी साबण पावडर आणि मऊ ब्रश. प्रेशरनं पाणी मारू नका, जुन्या तारेवरचं सुती कव्हर उसवतं. दोन-तीनदा पाणी बदलून, शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. मग सुकवायचं. एक जुनं पत्र्याचं कपाट घ्या, त्यात १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब लावा, वर वाफ जायला भोकं ठेवा, आत ७० ते ८० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, आणि तीन दिवस राहू द्या. या आकड्याबाबत मी हट्टी आहे कारण माझ्या हातून एक जुनं आर्मेचर भट्टीत १३० च्या पुढं गेलंय, त्याचं सुती कव्हर कोळशासारखं होऊन हातात आलं, आणि ते परत तसं मिळणारं नव्हतं.

सुकवताना रोज मेगर (तारांतून करंट गळतो का ते मोजायचा मीटर) लावा, २५० व्होल्टचा असेल तर बरा, आणि वहीत लिहा. पहिल्या दिवशी रीडिंग उलट खाली जातं, घाबरू नका, तारा गरम होतात आणि आतली ओल सुटायला लागते म्हणून तसं होतं, मग हळूहळू चढत जातं. एक मेगओहमच्या वर जाऊन तिथं टिकलं तर वायंडिंग वाचलं समजा, मग वार्निश द्या. नाहीच चढलं तर रिवायंडिंग करावं लागेल, पण मग जुनी तार कापून फेकायच्या आधी फेरे मोजा, तारेचा गेज मायक्रोमीटरनं घ्या, कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेलीय ते काढून ठेवा, जुनं तांबं वजन करून ठेवा. वायंडरला हे दिलं नाही तर तो अंदाजानं भरतो आणि मग व्होल्टेज कधीच बरोबर येत नाही.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडला असेल तर काचपेपरनं साफ करा, एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमध्ये रुततात आणि शॉर्ट करतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली हवा, अर्धा-पाऊण मिलिमीटर, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून बारीक करून त्यानं तो खरवडता येतो. हे काम सावकाश, उजेडात बसून करायचं. मला स्वतःला या सगळ्या कामात हा भाग सगळ्यात आवडतो, एकेक पट्टी मोकळी होत जाते आणि शेवटी तांबं नव्या नाण्यासारखं दिसतं. कार्बन ब्रश त्याच्या घरात सैल सरकले पाहिजेत, अडकले तर ठिणग्या उडतात.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, फ्लायव्हीलखाली असेल तर फ्लायव्हील पुलरनंच काढा. कंडेन्सर जुना ठेवू नका, नवा घाला. पॉईंटचा गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघा, निळी आणि कडक आवाजाची आली पाहिजे. पिवळी, मऊ आली तर कॉइल नाहीतर चुंबक कमजोर झालंय.

आता पेट्रोल, इथं नीट लक्ष द्या. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. आणि या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असतो, त्यावर चपडा लाखेचा हात दिलेला असतो. आपल्या मिरजेला तंबोऱ्याला पॉलिश करतात ते आठवा, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं लावतात. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच की, आणि आजच्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा तेच आहे. म्हणजे फ्लोटवरची लाख काही दिवसांत सुटते, चिकट होऊन जेटमध्ये बसते, बूच पेट्रोल पितं आणि बुडतं, मग कार्ब्युरेटर वाहायला लागतो. गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल वाहणं म्हणजे काय ते सांगायला नको. पितळेच्या पातळ पत्र्याचा फ्लोट झाळून घ्या, वजन जुन्याएवढं ठेवा. रबरी नळ्या आणि बुचाच्या पॅकिंगही बदला. आणि काम झालं की इंजिन बटणानं बंद न करता पेट्रोलचा कॉक बंद करून तसंच संपू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं ते आत साठत नाही. शिसं नसलेल्या पेट्रोलची मात्र काळजी करू नका, इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला काही होत नाही.

इंजिन पहिल्यांदा चालू करताना डायनामोला बॅटरी जोडू नका. दोरीनं ओढणार असाल तर दोरी हाताला गुंडाळायची नाही, हँडल असेल तर अंगठा बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, उलटा झटका आला तर मनगट जातं. चालू झालं पण व्होल्टेज शून्य आलं तर लगेच डायनामो गेला म्हणू नका, इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतल्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व जातं. इंजिन बंद ठेवून, कटआऊट (त्याचं पुढं सांगतो) सोडवून, फील्डच्या म्हणजे बाहेरच्या स्थिर गुंडाळीच्या टोकाला १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर क्षणभर टेकवायची, प्लसला प्लस. उलट टेकवली तर डायनामो उलटा बनवतो आणि कटआऊटचे पॉईंट जळतात.

कटआऊट म्हणजे तो छोटा रिले, तो दुर्लक्षून चालत नाही. डायनामोचं व्होल्टेज १३ च्या आसपास चढलं की तो बॅटरी जोडतो आणि इंजिन मंदावलं की सोडतो. पॉईंट चिकटून राहिले तर इंजिन बंद पडल्यावर बॅटरीच डायनामोला मोटारीसारखा फिरवायला बघते, बॅटरी उतरते आणि वायरी तापून धूर निघतो. मधे ३० ॲम्पिअरचा फ्यूज टाका.

टेस्ट करायला बॅटरी नको, हेडलाईटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे चार बल्ब समांतर लावा, झाले २२० वॅट. एक तास तसंच चालू ठेवा आणि दर दहा मिनिटांनी डायनामोच्या अंगावर हात ठेवून बघा, हात ठेवता आला पाहिजे. मग बॅटरी लावा. बॅटरीला तिच्या ॲम्पिअर-अवरच्या दहावा हिस्सा करंट पुरे, म्हणजे ७५ ची असेल तर सात-आठ. अशा सेटजवळ माणूस ॲमीटरकडं नजर ठेवून बसायचा, तुम्हीही बसा, नव्या गाडीसारखं आपोआप कमी-जास्त होईल असं धरून चालू नका. आणि हे सगळं शेडच्या बाहेर. बंद शेडमध्ये किंवा ताडपत्री टाकलेल्या बॉडीत पेट्रोल इंजिन चालवलं की धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणूस घेऊन जातो.

गाडीचं थोडक्यात. समोरची काच वरून पुढं झुकलेली असेल तर ती त्या कॅनडियन गाड्यांची १३ नंबरची कॅब, १९४२ च्या सुमारापासूनची. काच तशी ठेवायचं कारण म्हणजे उन्हाची चमक वर विमानातून दिसू नये. इंजिन शेवरलेटचं २१६ घनइंचाचं असेल तर त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑईल मुख्यतः डिपरनं (रॉडच्या खालच्या छोट्या चमच्यानं) उडवून मिळतं, प्रेशर मुळात कमीच असतं, त्यामुळं गेज कमी दाखवतोय म्हणून कुणाला पंप बदलू देऊ नका, पण ऑईलची पातळी कधी खाली जाऊ देऊ नका. बॉडी घासायच्या आधी रंगाचे थर एका कोपऱ्यात बोटभर जागेत पाण्याच्या पॉलिश पेपरनं हळू उघडा. आजोबांनी दिलेल्या रंगाखाली युनिटची खूण निघू शकते, ग्राइंडर फिरवला की ती कायमची जाते. ब्रेक लायनर आणि सायलेन्सरवरची जुनी पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची असते, ती कोरडी घासू नका, हवा मारू नका, ओली करून काढा.

प्रश्न (कराड): वडील सैन्याच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) होते, जबलपूरला ट्रेनिंग झालेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक १९ नंबरचा वायरलेस सेट हौसेनं आणलेला. ते आता नाहीत. भाच्यानं १२ व्होल्टची बॅटरी लावली तर आतून घूं असा आवाज येतो पण सांगली आकाशवाणी लागत नाही. आणि पॅनेलवर रशियन अक्षरं का आहेत? सेट बिघडलाय का?

उत्तर: ताई, आधी भाच्याला सांगा की बॅटरी काढून ठेव. तो घूं आवाज सेटबरोबरच्या सप्लाय युनिटमधल्या छोट्या फिरत्या मोटार-जनरेटरचा आहे, तो १२ व्होल्टपासून ५०० च्या आसपास व्होल्ट बनवतो. झाकण उघडून कुणी बोट घातलं तर जीव जाईल इतकं ते आहे, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो.

सांगली आकाशवाणी लागत नाही यात सेटचा दोष नाही. सांगली मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला आणि तुमचा सेट सुरूच होतो २ मेगाहर्ट्झपासून, जातो ८ पर्यंत. त्या पट्टीत सांगली नाहीच. संध्याकाळनंतर दहा मीटर तार गच्चीवर बांधून ७.२ च्या वर बघायचं, तिथं शॉर्टवेव्हची परदेशी स्टेशनं असतात, आणि ७.० ते ७.२ मध्ये हौशी रेडिओवाले बोलतात. त्यांचं बोलणं बदकासारखं ऐकू येईल, मोर्ससाठीचा टोन चालू करून बटण केसभर इकडं तिकडं केलं की माणसाचा आवाज उमटतो. माझ्याकडं पहिल्यांदा तसा आवाज जुळला ती रात्र मला अजून आठवते, मद्रासकडचा कुणीतरी इंग्लिशमध्ये पावसाचं सांगत होता.

पण त्याआधी सेटमधले जुने कागदी कंडेन्सर बदलून घ्या, ते बाहेरून चांगले दिसतात आणि आतून गळतात, त्यानं ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) जातात. व्हॉल्व बघणारा जुना रेडिओ मेकॅनिक शोधा, नुसता मोबाईलवाला नको. काढलेले जुने कंडेन्सर डबीत घालून सेटबरोबर ठेवा. मीटरच्या काट्यावर पिवळट चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो, मीटर उघडू नका, खरवडू नका.

रशियन अक्षरांचं असं, युद्धात कॅनडा-अमेरिकेत बनलेले हे सेट रशियालाही पाठवायचे होते, म्हणून पॅनेलवर इंग्लिश आणि रशियन दोन्ही छापत. वडिलांचा सेट रशियातून आला असेलच असं नाही.

आणि यातून बोलायचं असेल तर लायसन्स लागतं, त्याशिवाय माईकचं बटण दाबायचं नाही. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची हौशी रेडिओची परीक्षा असते, भाच्याला तयारीला बसवा. असा सेट ताब्यात ठेवायलाही नियम आहेत, त्यामुळं वडिलांची खरेदीची काही चिठ्ठी असेल तर जपून ठेवा. त्यांच्या कोअरचं ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस', ते त्यांच्या टोपीच्या बिल्ल्याबरोबर सेटशेजारी ठेवलंत तर मला फार आवडेल.

प्रश्न (सातारा): मिलिटरीच्या लिलावातून गेलेला ५५ वर्षांचा एक टनी ट्रक विकत घेतोय. व्हिंटेज नंबर मिळेल का? आणि मूळचा हिरवा रंग देऊ का?

उत्तर: बयाणा द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. २०२१ च्या व्हिंटेजच्या नियमात ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या चारचाकी येतात. एम-१ म्हणजे माणसं नेणारी, ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची गाडी. मालाचा ट्रक त्यात बसत नाही, जोंगासारखी (मिलिटरीची जीपसारखी) गाडी असती तर गोष्ट वेगळी. ज्यांना तो नंबर मिळतो त्यांना नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि नंतर ५,००० ला नूतनीकरण. ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुमच्या ट्रकला साधी नोंदणीच बघावी लागेल आणि त्यासाठी लिलावाचा मूळ कागद हातात हवा, झेरॉक्सवर भरवसा ठेवून पैसे मोजू नका. चेसी नंबर कागदाशी स्वतः जुळवा, खडू घासून.

रंगाचं सरळ सांगतो, ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे, मोटार वाहन नियमातच तसं आहे. बाणाची मिलिटरी नंबरप्लेटही लावू नका. रस्त्यावर न्यायची असेल तर दुसरा रंग द्या आणि मूळ हिरवा दरवाजाच्या आतल्या बाजूला, सीटखाली, जिथं आहे तिथं न घासता तसाच राहू द्या. कागद नीट झाले की कळवा, सातारला आलो की बघायला येईन.